वायफायचं चिन्ह

सकाळपासून साहेबांनी मुरडलेलं नाक सरळ व्हायचं नाव घेत नव्हतं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पोटात लिनक्स प्रणालीवर चालणारा दुसरा, आभासी कॉम्प्युटर बसवून दिला होता कंत्राटावरच्या बाईंनी, आणि त्या आतल्या कॉम्प्युटरवर वायफायचं चिन्हच नव्हतं.

“सर, आतल्याला वायफाय दिसतच नसतं,” बाई सांगू लागल्या. “त्याला नेट बाहेरच्याकडून...”

“मला अक्कल शिकवू नका. वीस वर्षं इथे गवत उपटत नव्हतो मी.”

मग लिनक्सची खिडकी पडदाभर पसरून साहेब स्वतःच भिडले. वायफाय चालवणारे तीन ड्रायव्हर उतरवले, चार वेळा मशीन बंद करून चालू केलं. चिन्ह काही उगवेना. दुपार झाली. शी! असलं नासकं काम करायचं आणि वर कंत्राट वाढवून मागायचं, लाजही वाटत नाही! बसल्या जागेवरून त्यांनी मोठ्या मॅडमना मेल खरडली: ‘या लिनक्सला नेट अजिबात नाही. बाईंचं कंत्राट वाढवू नये.’ पुरावा म्हणून अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट जोडला, पाठवला आणि घाण लागल्यासारखे हात झटकले.

दोन मिनिटांत, त्याच पडद्यावर, मॅडमचं उत्तर आलं.

‘स्क्रीनशॉट पाहिला. त्यात तुम्ही ही मेल लिनक्समध्येच लिहिताना दिसताय. नेट नाही, तर ती माझ्यापर्यंत आली कशी?’