गळापुरते मासे

राखोलीच्या पुलाखाली केसरबाईनं जुन्या लुगड्याच्या झोळीत बोटभर मासे धरले, तसा नदीवरचा रखवालदार धावत आला.

"कशाला धरतेस?"

"कालवणाला, भाऊ. घरात दुसरं काहीच नाही."

"एवढेसे मासे खायला धरायची बंदी आहे. गळाला लावायला चालतात."

त्यानं झोळी हिसकावली आणि काठावर गळ टाकून बसलेल्या कंपनीच्या मॅनेजरसाहेबांपुढे ठेवली. एकेक मासा गळाला टोचत साहेबांनी संध्याकाळपर्यंत झोळी संपवली. शेवटी हातभर मरळ लागला. कॅमेऱ्याच्या रिळातला उरलेला फोटो त्याच्यासोबत काढून घेऊन साहेबांनी त्याला अलगद पाण्यात सोडलं.

"सोडला का हो, साहेब?" केसरबाईनं विचारलं.



"आमच्या घरी मासे चालत नाहीत, बाई. उगाच कशाला जीव घ्यायचा?"