भिंतीवरचं तोंड

आमच्या थोरल्याचं, विश्रामचं, वागणं मला पटत नाही. कॉलेजात मुलांना नवं सुचायला शिकवतो म्हणे. परवा सगळा वर्ग घरी आणला, कुंपणाची भिंत दाखवून म्हणाला, "मनाला येईल ते काढा." आणि वर पोरांच्या मागे फिरून कटकट, कावळा काळाच कर, झाड हिरवंच कर!

एका पोरीने मला काढलं. पदर खोचलेला, हात कमरेवर, तोंड हे एवढं उघडं. विश्राम भडकला. "माझ्या आईला असं काढतात?" म्हणत त्याने चुन्याचा ब्रश उचलला. पोरीचे डोळे भरले.

मी जवळ जाऊन पाहिलं. हुबेहूब मीच.

"ब्रश ठेव," मी म्हटलं. "एवढ्या पोरांत हिला काही सुचलं, तर तेच पुसतोस? माझं तोंड माझ्या सासूला बंद करता आलं नाही, तुला चुन्याने जमणार होय?"