सातच्या गाडीने

"एकट्याच?" तिसऱ्या लॉजच्या मालकानेही तेच विचारलं आणि तोशिएच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर एक हरीण तेवढं उभं होतं.

"एकटीच. खोली हवी होती."

"सगळ्या भरल्यात, बाई."

दारात चपलांचा एकही जोड नव्हता. तिची नजर त्याला कळली.

"खरं सांगू? गेल्या वर्षी अशीच एक एकटी आली होती. सकाळी पोलीस, दुपारी पेपरवाले. मला धंदा करायचाय. तुम्ही माहेरी जा, चार दिवस रडा, बरं वाटेल."

तोशिए मरायला आली नव्हती. नारा शहर बघायला आली होती. दर हिवाळ्यात शेगडीजवळ बसून तिचा नवरा शिगेओ रेल्वेचं वेळापत्रक उघडायचा आणि तिला बसल्याजागीच नाराला न्यायचा. पहिल्या दिवशी बुद्धाची मोठी मूर्ती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने होर्युजी मंदिराचा लाकडी मनोरा. आधी त्याला रजा मिळेना, मग फुप्फुसांच्या आजाराने धरलं. वसंतात तो गेला. तिच्या डोळ्यांतून तेव्हा टिपूससुद्धा आलं नाही. आता पानं लाल झाल्यावर ती एकटीच निघाली होती.

मूर्ती पाहून झाली. खूप मोठी होती. पण 'केवढी मोठी!' असं म्हणायला शेजारी कोणी नव्हतं. आणि आता तिसऱ्या दारातून बाहेर पडताना तिला वाटलं, इतक्या जणांना दिसतंय, म्हणजे काहीतरी असेलच आपल्या तोंडावर. वाटेत तळं होतं. तिथे ती गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.

चौथ्या दारात जाडजूड, म्हातारी मालकीण होती.

"एकट्याच?"

"छे! हे मागून येताहेत. क्योतोहून, सातच्या गाडीने."

"मग आत या की! दारात काय उभ्या राहिलात!"

खोलीत दोन ताटं मांडली गेली. भाजलेला मासा, भोपळा, तांदळाची गरम दारू.

"किती घेतात यजमान?" मालकिणीने विचारलं.

"एकच म्हणतात. मग दोन घेतात."

"मेले सगळे सारखेच!"

तोशिए हसली. किती महिन्यांनी हसली. लोणचं खारट असलं तर यांना चालत नाही, हेही तिने सांगितलं. न विचारताच.

मालकिणीने हमालाला स्टेशनवर पिटाळलं. "ओळखायचं कसं, ते सांगा त्याला."

"कथ्थई टोपी. डावा पाय जरा ओढतात. आणि सगळ्यांत शेवटी उतरतात. कोणाची छत्री राहिली का, ते बघतात."

लांबून शिट्टी ऐकू आली. तोशिएने केस सारखे केले आणि खिडकी उघडून ती वाकून रस्त्याकडे पाहू लागली. दारूची सुरई तिने दोनदा हात लावून पाहिली, गार तर झाली नाही ना.

हमाल एकटाच आला.

"शेवटपर्यंत थांबलो हो. झाडूवाला डब्यात चढला, तरी थांबलो. टोपीवाले कोणी उतरलेच नाहीत."

मालकीण तिच्याकडे बघत राहिली. गाडी चुकली असेल, एवढंच तोशिएने म्हणायचं होतं. मग खोलीही राहिली असती. तिने तोंड उघडलं.

"ते येणार नाहीत," ती म्हणाली, आणि वसंतापासून अडलेलं रडू त्या शब्दांमागोमाग बाहेर आलं. ताटाशेजारी डोकं टेकवून ती रडली. "कुठल्याच गाडीने येणार नाहीत."

मालकिणीने हमालाला हाताने जा म्हटलं. रडणं ओसरेपर्यंत ती शेजारी बसून राहिली.

"इथे एकट्या येणाऱ्या प्रत्येकीचा नवरा संध्याकाळच्या गाडीनेच येतो, पोरी," ती म्हणाली. "गाडी येऊन गेली तरी त्या म्हणतात, उद्या येतील. मग मला त्यांच्या दाराबाहेर रात्रभर जागत बसावं लागतं. तू मात्र खरं सांगितलंस, आज मी झोपेन."

ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि जिन्याशी जाऊन खाली मोलकरणीला ओरडली, "किकू, मागच्या खोलीत एकच अंथरूण घाल."