दुबईचे चार

"दुबई धाराशिवच्या शंभर वर्षं पुढं हाय," गावच्या सोसायटीचे चेअरमन तात्याराव यांनी जाहीर केलं. तात्यारावांचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास कुर्डुवाडीपर्यंतचा होता, आणि त्यातलाही परतीचा झोपेत झाला होता.

"ते हाय वो, चेअरमनसाब," पिराजी सोसायटीच्या पायरीवरून म्हणाला. "पर तिथं चार वाजले म्हंजी इथं किती?"

पिराजीचा थोरला पोरगा, नाव श्रीमंत, दुबईत गवंडी होता. मंगळवारी तो बाराव्या मजल्यावरून पडला. प्रेत इकडं आणणं जमत नव्हतं. सोबत्यांची तार आली होती: अंत्यविधी इथंच, शुक्रवारी दुपारी चार वाजता. शुक्रवारी त्यांना सुटी असते. आज शुक्रवार होता. पिराजीला एवढंच हवं होतं की त्याच घटकेला इथं मेणबत्ती लावावी, पंचशील म्हणावं. पोरगं जाताना घरचं कुणीतरी हजर असावं.

पिराजीनं आणलेलं श्रीमंतचं जुनं पत्र सेक्रेटरी व्यंकटनं वाचलं. 'इथल्या आणि तिकडच्या वेळेत दीड तासाचा फरक आहे,' एवढं त्यात होतं. कुणाचं घड्याळ पुढं, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"त्यात लिहायचं काय?" तात्याराव म्हणाले. "त्यांनी समुद्राचं पाणी गोड केलं. आपण उपसा सिंचनाची सोसायटी काढली, मोटर बसवली, नारळ फोडला, आन् तेरणा नदी आटली. त्यांच्या गाडीत गार वारं सुटतंय, आपल्या यष्टीला काचा न्हाईत. आता सांगा, पुढं कोण?"

सगळ्यांना पटलं. दुबईचे चार म्हणजे इथले अडीच.

गावात भिंतीवरचं घड्याळ सोसायटीतच होतं, म्हणून अडीचला सोसायटीच्याच ओट्यावर मेणबत्ती लागली. पिराजीच्या बायकोनं, सरुबाईनं, डोक्यावर पदर घेतला. नवरा-बायकोनं त्रिशरण, पंचशील म्हटलं. तात्यारावांनी टोपी काढून हात जोडले. शब्द येत नव्हते म्हणून ओठ नुसतेच हलवले.

तीनच्या सुमाराला भूगोलाचे पंचाक्षरी मास्तर रॉकेलला आले. मेणबत्ती कशाची म्हणून त्यांनी विचारलं, सगळं ऐकलं आणि डबा खाली ठेवला.

"अहो, दुबई पश्चिमेला. सूर्य आधी आपल्याकडं उगवतो. तिथं आत्ता कुठं दीड वाजलाय. तिथले चार म्हणजे आपले साडेपाच."

"दुबई? धाराशिवच्या मागं?" तात्यारावांचा आवाज बारीक झाला. आपला जिल्हा जन्मात पहिल्यांदा कशात तरी पुढं निघाला होता, आणि आनंद मानायची सोय नव्हती.

सरुबाईनं मान वर केली.

"म्हंजी मास्तर, त्याला अजून जाळलं न्हाय?"

"न्हाय, बाई."

"हाय अजून तसाच?"

मास्तरांनी डबा उचलला, पुन्हा ठेवला. "हाय."

तिनं पुढं होऊन मेणबत्ती चिमटीत विझवली. मग पदर सारखा करून भिंतीला टेकून बसली. पोराचं पत्र आल्यावर व्हायचं तसं तिचं तोंड झालं होतं. पिराजीला तिकडं बघवेना.

तात्यारावांना काहीतरी करावंसं वाटत होतं. त्यांनी घसा साफ केला. "पिराजी, आपण गावाची शोकसभा घिऊ. दुखवट्याचा ठराव करू. कलेक्टरला पाठवू, पार दिल्लीपर्यंत पाठवू. व्यंकट, लिही."

व्यंकटनं पेनाचं टोपण काढलं.

पिराजी उठला, टोपण काढलेल्या पेनाकडं त्यानं पाहिलं आणि पुन्हा पायरीवर बसला.

"चेअरमनसाब, मला घड्याळ कळत न्हाय," तो म्हणाला. "साडेपाच झाले की तेवढी हाक मारा."