पाण्यावरच्या रेघा

"हळू. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात," आई म्हणाली. तिचं लक्ष ट्रेकडे नव्हतं. लेकीच्या बोटांकडे होतं.

ट्रेमधल्या घट्टसर पाण्यावर निळा रंग तरंगत होता. सात वर्षांची लेक ओठ मुडपून त्यातून काडी ओढत होती. बायकोला एकदाचा काहीतरी छंद लागतोय म्हणून मार्बलिंगचं हे सामान नवऱ्याने हौसेने आणून दिलं होतं. तिला छंदबिंद काही नको होता. काडी जशी फिरेल तशी रेघ पाण्यावर उमटते, आणि वर टेकवलेला कागद ती जशीच्या तशी उचलतो. डॉक्टरची पायरी न चढता हात तपासता येतो.

आईच्या वडिलांचं हातापासूनच सुरू झालं होतं. आधी बोटं कापायला लागली, मग मान, शेवटी घास गिळणंसुद्धा जमेना. "एक पिढी सोडून येतं मेलं," त्यांच्या उशाशी बसून आत्या म्हणाली होती. तेव्हा ही लेक पोटात होती. आपण सुटलो, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं. आणि पोर जन्मल्यापासून तिने पोरीचा पेला बघितला, बटणं लावणं बघितलं, पाटीवरची एकेक रेघ बघितली.

"आता तू. चीटिंग नाही हं!" आपल्या ट्रेवर कागद टेकवून दुसरा ट्रे पुढे सरकवत लेक म्हणाली.

आईने ड्रॉपर दाबला. दोनाऐवजी पाच थेंब पडले. अगदीच स्वस्तातला ड्रॉपर. सकाळी चहाही बशीत सांडला होता. त्या कपाचा कानच धड नव्हता. तिने काडी ओढली, पण नजर लेकीच्या हातावरच. कागद टेकवला आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली.

ती परत आली तोवर लेकीने दोन्ही कागद दोरीला लटकवले होते. एकावर पट्टीने आखाव्यात तशा रेघा. दुसऱ्यावरची प्रत्येक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत थरथरलेली.

ती खाली बसली, लेकीचा हात घट्ट धरला.

"राणी, खरं सांग. काडी ओढताना हात हलत होता तुझा?"

"माझी ती सरळवाली, वेडाबाई!" लेक खिदळली. "ही तुझी. कसल्या भारी बारीक बारीक लाटा काढल्यास गं! मलापण शिकव ना."