रेघेवरचं कीर्तन

नव्या साउंड बॉक्सचा हिरवा दिवा लागला, पण आवाज आला नाही. विकासनं वायर काढली, तिच्यावर फुंकर मारली, पुन्हा लावली. दिवा पुन्हा लागला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली: उपकरण ओळखता आलं नाही.

मागं खाटेवर त्याची माय होती, सीताबाई. घरी घेऊन जा, असं वाशीमच्या डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं, आणि त्याचा अर्थ साऱ्या इंझोरीला कळत होता. सकाळपासून तिनं पेजेचा घोटही मागितला नव्हता. मागणं एकच. महाराजांचं ते काल्याचं कीर्तन लाव.

महाराज म्हणजे तिचे मालक, हिरालाल महाराज. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या कीर्तनात ऐन रंगात चरण म्हणता म्हणता ते अडले होते. टाळ थांबले, मृदंग थांबला. मंडप श्वास धरून बसला. तेवढ्यात बायांच्या बाजूनं सीताबाईनं पुढचा शब्द दिला. महाराज हसले आणि माइकमध्येच म्हणाले, की चाळीस वर्षं कीर्तन मी करून राह्यलो, पाठ मात्र हिचं हाय. उभ्या संसारात चारचौघांत त्यांनी तिच्याविषयी काढलेलं तेवढं एकच वाक्य. ते तिला पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

"लावतो नं, माय," विकास म्हणाला. सकाळपासून चौथ्यांदा.

खोट कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांच्या कॉम्प्युटरात असते ती सिस्टीम शेलूबाजारला चोरून टाकून मिळत होती. महाराजांनी नको म्हटलं. ज्या कीर्तनाची बिदागी घेतली नाही, ते चोरीच्या पेटीत ठेवायचं नाही. मग विकासनं इंटरनेटवरून ही फुकटची सिस्टीम उतरवली. साऱ्या जगाला मोकळी, पण वापरणारे बोटावर मोजण्याइतके. जुन्या बॉक्सशी तिचं बरं जमलं. मागच्या पंधरवड्यात वीज कडाडली, त्यात तो बॉक्स जळला. नव्या बॉक्सचं बोलणं सिस्टीमला समजावून देणारा दुभाष्या लागतो, ड्रायव्हर म्हणतात तो. या सिस्टीमसाठी तो कोणी लिहिलाच नव्हता. रेकॉर्डिंगची फाइलही या सिस्टीमच्याच खास ठेवणीतली, मोबाईलला ती उघडता येईना. धाकटा भाऊ अंकुर ती पेन ड्राइव्हवर घेऊन कारंज्याला गेला होता. तिथं कोणी ती उलगडून देईल, तर देईल.

महाराजांच्या मागं जन्मभर उभा राहिलेला टाळकरी लखमा दाराशी बसला होता. टाळांची जोडी त्यानं येताना सोबत आणली होती. कीर्तन ऐकायचं तर रिकाम्या हातानं कसं यायचं?

"फुकटात देव भेटते रे पोरा," तो म्हणाला, "आवाज नाही भेटत."

विकासनं मान वर केली नाही. बापाचं तेवढं एक ऐकलं नसतं तर, हा विचार सकाळपासून त्याच्या मानेवर बसून होता. काही तरी करायचं म्हणून त्यानं रेकॉर्डिंग चालू केलं. आवाज नव्हता, पण पडद्यावर एक रेघ थरथरत पुढं सरकू लागली. उठायची, बसायची, पुन्हा उठायची.

लखमा जवळ सरकला. डोळे बारीक करून पाहत राहिला.

"हा गजर हाय," तो हळूच म्हणाला. "पाय, सारख्या लाटा. हे आमचे टाळ."

त्यानं रेघेबरोबर टाळाला टाळ टेकवला, वाजवला नाही. विकासनं टेबल खाटेकडे ओढलं, पडदा मायकडे वळवला. त्याच्या बायकोनं, अंजूनं, सासूच्या मानेखाली हात घातला आणि डोकं वर उचललं. सीताबाईची नजर आधी कुठं टेकेना. मग ती रेघेवर टेकली आणि तिथंच राहिली.

गजर संपला. रेघ बारीक झाली. एकट्या माणसाच्या आवाजाएवढी.

"चरण घेतला महाराजायनं," लखमा म्हणाला.

रेघ चालत राहिली, चालत राहिली, आणि एकाएकी सपाट झाली. लखमाचा हात टाळासकट हवेत थांबला.

सीताबाईचे ओठ हलले.

"विसावा," ती म्हणाली.

सपाट रेघेवर एक लहानसा उंचवटा उमटून गेला. मग थोडी थरथर झाली, महाराजांच्या त्या एका वाक्याएवढी. आणि रेघ उसळली, वरपासून खालपर्यंत पडदा भरून गेला. सारा मंडप हसत होता.

"आठवलं त्यायले," सीताबाई म्हणाली.

ती अजून पडद्याकडेच पाहत होती. रेघ पुन्हा आपल्या चालीनं पुढं निघाली. अंजूनं चमच्यानं तुळशीचं पाणी तिच्या ओठांत घातलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून उशीवर आलं. अंजूनं पदरानं ते टिपलं, दुसरा चमचा भरला, आणि तसाच हातात धरून ठेवला.

लखमानं टाळ उशाशी ठेवले आणि तिचे डोळे मिटवले.

विकासच्या खिशात मोबाईल वाजला. अंकुर होता, धापा टाकत बोलत होता. फाइल उघडली होती. आवाज अगदी साफ होता, माय बोलते तेसुद्धा ऐकू येत होतं. "दादा, तुह्या मोबाईलवर धाडू का आत्ताच?"

विकासनं पडद्याकडे पाहिलं. रेघ चालूच होती.

"आवाज राहू दे," तो म्हणाला. "तू ये."