शेजाऱ्यांचा भोपळा

आम्ही घरात नाही असं बघून शेजारच्या काकांनी आमच्या छज्ज्याखालच्या पोळ्यावर विषारी फवारा मारला. परत आलो तर अंगणभर मधमाश्या मरून पडलेल्या. माझी नात एकेक उचलून कागदावर ठेवू लागली.

"आज ना उद्या कुणाला तरी चावल्याच असत्या," काका कुंपणावरून म्हणाले. "माझ्या बागेतही मारलाय फवारा. एक किडा दिसणार नाही आता!"

"आजोबा, त्यांचा भोपळ्याचा वेल उपटून टाकू या," नात दातओठ खात म्हणाली. भाज्यांच्या प्रदर्शनात दर वर्षी काकांच्या भोपळ्याला पहिलं बक्षीस मिळायचं आणि मग ते वर्षभर मिरवायचे.

"वेलाला बोटही लावायचं नाही," मी म्हणालो. "नुसतं बघत राहायचं."

वेल मांडवभर पसरला. पिवळीधमक फुलं आली. पण फुलामागचा भोपळा सुपारीएवढा झाला की पिवळा पडून गळायचा. प्रदर्शन जवळ आलं तसे काका रडकुंडीला आले आणि एके सकाळी आमच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही मुलांना हेच शिकवता ना? काहीतरी उपाय सांगा हो."

मी तोंड उघडायच्या आत नातीने रंगपेटीतला कुंचला आणून त्यांच्या हातात ठेवला. "रोज पहाटे उठायचं. नर फुलांतले परागकण याच्यावर घ्यायचे आणि एकेका मादी फुलाला नेऊन लावायचे."



काका कुंचला घेऊन वळले, तशी ती मागून ओरडली, "आणि काका, गुणगुणायला विसरू नका."